मोटारसायकलला घातलेलं जीन

पाटलांनी तिसऱ्यांदा बाज पुढे सरकवली आणि मी तिसऱ्यांदा म्हणालो, "नको, मी उभाच बरा."

ओसरीवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. टेंभुर्णीसारख्या गावात पाटलाच्या ओसरीवर येऊन न बसणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. मीही शेतकऱ्याच्याच घरचा. पण जालन्याहून सरकारी मोटारसायकलवर आल्यावर बसणं माझ्या हातात राहिलं नव्हतं.

"डॉक्टर, आमचं काही चुकलं का?" पाटलांनी विचारलं.

"तसं नाही, पाटील. पण..."

पण काय, ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. त्यात दाराआड बायाही उभ्या होत्या.

"बसंना झालाय म्हंजे राग धरून आलाय," मागून कुणी तरी म्हणालं. "अशाची सुई आपल्या बैलाला कशाला? आधीच देवीचा कोप चालू हाय."

त्या दिवशी एकही जनावर दावणीवरून सुटलं नाही. मी आलो तसा परत निघालो, बराचसा रस्ता पायदानांवर उभा राहून.

मी जनावरांचा डॉक्टर. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. सरकारी स्कॉलरशिपवर शिकलो, सरकारनेच नोकरी दिली. तेव्हा हैदराबाद संस्थान जाऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि मी प्रोबेशनवर होतो. भोवतालच्या गावांत बुळकांड्या शिरला होता. या रोगात गुरांना ताप येतो, तोंड सोलवटतं, हगवण लागते आणि गोठेच्या गोठे रिकामे होतात. लस टोचली तर जनावर वाचतं, पण ती बर्फात ठेवावी लागते. बर्फ वितळला की लसीचं पाणी झालं समजा. त्या दिवशीची लस मी परत आणली ती फेकण्यासाठीच.

आमचे साहेब निजामाच्या काळापासून या खात्यात होते. त्यांनी मला खोलीत बोलावलं.

"क्या डॉक्टर, जनावरं मरून राह्यली अन् तुम्ही बसले न्हाई म्हणून वापस आले?"

"साहेब, बसता येत नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यासमोरही उभाच होतो, खुर्ची रिकामी असून.

"हां," ते म्हणाले. "मंग सीट बदला. बिलकुल आरामाची घ्या. पुढच्या हफ्त्यात परत टेंभुर्णी. या बारीला लस वाया गेली तर तुमचं प्रोबेशन माझ्या हातात राहणार न्हाई, बेटा."

मोटारसायकल दुसऱ्या महायुद्धातून उरलेली होती. तिची सीट म्हणजे लोखंडी ताटली, वर वाळून कडक झालेलं कातडं आणि खाली दोन स्प्रिंगा. त्यांतली एक मोडलेली. जालन्यात तेव्हा मोटारसायकली इतक्या थोड्या की तयार सीट मिळायची नाहीच. जे मिळेल ते बसवून बघायचं.

आमचे हेडक्लार्क देशमुखकाका यांनी यात पुढाकार घेतला. सगळ्यांच्या सोयीसाठी गाडी ऑफिसच्या व्हरांड्यात स्टँडवर चढवली. त्या गाडीचा स्टँड मागचं चाक जमिनीवरून उचलून धरायचा, त्यामुळे ती पलंगासारखी पक्की उभी राहायची. पहिल्यांदा भंगारातली बसड्रायव्हरची सीट आली. तिच्यावर काका बसले आणि म्हणाले, "कुल्ले मावतेत, पर मन मावत न्हाई." मग सरकीसकट भरलेली कापसाची गादी आली. ती एका बाजूला सरकली आणि तिच्याबरोबर कंपाउंडरही सरकला.

शेवटी काकांनी काशिनाथ जीनगराला बोलावलं. जीनगर म्हणजे घोड्याचं खोगीर करणारा. हा पूर्वी रिसाल्याच्या घोड्यांची कामं करायचा. त्याने गाडीला एक फेरी घातली आणि पेट्रोलच्या टाकीवर थाप मारली.

"जनावर बुजतंय का?"

"मामा, मोटारसायकल आहे ही."

"ते दिसू राह्यलं. घाम येतो का?"

"इंजिन तापतं."

"मंग खाली नमदा जाड टाकतो. पाठ सोलली न्हाई पाह्यजे."

"पाठ गाडीची की माझी?"

"जीन आधी जनावराचं, मंग माणसाचं," मामा म्हणाला आणि सुतळीने गाडीचं माप घेऊ लागला. माझं माप कुणी घेतलं नाही.

जीन झालं मात्र झकास. खाली नमदा, म्हणजे लोकरीचं जाड कांबळं. मधे घोड्याचे केस भरलेले, वर बकऱ्याचं मऊ कातडं, आणि गाडीच्या पोटाखालून आवळलेला तंग. साहेब जेवून आले, जिन्यावर पाय ठेवावा तसा पायदानावर पाय ठेवून वर चढले आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. देशमुखकाका चार दिवस त्यावर बसूनच फायली बघत होते. कुणी काम घेऊन आलं की म्हणायचे, "थांबा, खाली उतरायला बरं वाटंना." ऑफिसभर एकमत झालं की हीच सीट.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी स्टूलवरून जिनावर बसलो. बर्फाचा डबा मागे बांधला. चौघांनी गाडी स्टँडवरून ढकलली आणि मी निघालो. काय तो प्रवास! खड्डे माझ्या खालून कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे जात होते. मी मनातल्या मनात काशिनाथमामाला, काकांना, साहेबांना आणि सरकारलाही धन्यवाद देत होतो.

टेंभुर्णीची वेस आली तसा वेग कमी केला. गाडी थांबवायला म्हणून पाय खाली सोडला. पाय लोंबकळत राहिला. दुसरा सोडला. तोही हवेतच. माझी उंची बेताची आणि जीन वीतभर उंच. गाडी इतकी जड की कलली तर मला सावरणारी नव्हती, आणि मागे सगळी लस काचेच्या बाटल्यांत.

थांबायचं नाही, एवढंच सुचलं. समोर मारुतीचं देऊळ होतं. भोवती पोळ्याला बैल फिरवतात तेवढी मोकळी जागा. मी तिथे गाडी वळवली आणि फिरत राहिलो. फिरता फिरता ओरडत होतो, "धरा! अहो, कुणी तरी धरा!" पण इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

माणसं जमली. आधी पोरं हसत पळाली. मग एका म्हातारीने हात जोडले. मग पागोटी खाली वाकली. पाटील धावत आले, त्यांनी पायांतल्या वहाणा काढल्या आणि माझ्या बाजूने चालू लागले.

"पाटील, धरा मला!"

"नऊ झाल्या, डॉक्टर. अकरा पुऱ्या करा. मधी सोडू नका."

अकरावी पुरी झाल्यावर सहा गड्यांनी मला गाडीसकट धरलं. मी उतरलो तेव्हा डोकं गरगरत होतं, म्हणून पहिल्यांदा जी बाज दिसली तिच्यावर धपकन बसलो. पाटलांचे डोळे भरून आले.

"गेल्या बारीला बसला न्हाईत, तवा आम्हाला वाटलं राग हाय," ते म्हणाले. "देवाला सांगितल्याबिगर पाटलाच्या बाजेवर बसायचं न्हाई, असा नेम होता तुमचा. अगुदर सांगायचं न्हाई का?"

मी पाणी मागितलं. दुपारपर्यंत गावातलं झाडून सगळं जनावर टोचून झालं. डब्यात बर्फ उरला होता. बुळकांड्या नंतर त्या बाजूला आणखी पसरला, पण टेंभुर्णीचे गोठे भरलेलेच राहिले. साहेबांनी मला कायम केलं.

मामाकडून जीन उतरवून पाय टेकतील असं करून घेतलं. पुढच्या महिन्यात धावड्याला गेलो. नीट थांबलो, नीट उतरलो, नमस्कार केला. जनावरं आलीच नाहीत. गावकरी हात बांधून उभे.

"टेंभुर्णीला अकरा अन् आम्हाला एक बी न्हाई?" त्यांचा म्होरक्या म्हणाला. "आमचा मारुती धाकटा हाय का?"

मी परत गाडीवर बसलो.

लांबच्या प्रवासासाठी कुणी सीट निवडत असेल तर माझा सल्ला साधा आहे. मऊपणा नंतर बघा. आधी गाडी स्टँडवरून खाली घ्या आणि दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते बघा. टेकत नसतील, तर निदान जिथे जायचं त्या गावच्या देवळाभोवती जागा किती आहे, ते विचारून ठेवा.