पोटाचा रिपोट

"रांडवेचं आधी पाहा, खाला. रांडवेचाच भरवसा नसते," मुकादम पडद्याबाहेरून म्हणाला.

बाहेरचे गडी हासले. मी पडद्याच्या आत होती. पडदा तरी कायचा, सरकीची फाटकी पोती खिळ्याले टांगलेली. एका पोत्यावर मले निजवलं. दाईनं निऱ्या खाली सारल्या अन् बेंबीच्या खाली दोन्ही हात दाबले, बोटं रुतेपर्यंत. तिच्या हाताले एरंडीच्या तेलाचा वास होता. माझ्या आधीच्या बाईचा घामही त्याच हातावर. मी डोळे मिटले नाही. वरच्या पत्र्याकडे पाहत राह्यली.

"खाली," दाई म्हणाली.

"खाली," मुकादमानं ओरडून सांगितलं. मुनिमानं लिहून घेतलं.

जिनात, कापसाच्या कारखान्यात, गाडी आली की भरली म्हणतात, रिकामी होऊन निघाली की खाली. तेच शब्द आमाले.

मी उंद्रीची. नवरा तापानं गेला, तवापासून दीर अन् जाऊ यायच्या संगं खामगावले. दिवाळी झाली की जिन सुरू होई. बाया सरकी काढायच्या रेच्यावर बसत, एका अंगानं कापूस घालत, दुसऱ्या अंगानं रुई निघे. दिवसभर नाकात कापसाचं पीस. खोकलं तं पांढरं पडे. त्याची तक्रार नाही. काम म्हटलं की ते आलंच.

पण बाया जिनाच्या मालकानं, शेठनं, ठेवलेल्या नव्हत्या. बाया पुरवायचा ठेका मुकादमाचा. हंगामाच्या सुरुवातीले शेठचा अन् त्याचा करार होई, स्टांपाच्या कागदावर. त्यातलं एक कलम मुनीम आमाले उभं करून वाचून दाखवे, जशी काही पोथीच. दर महिन्याले मुकादमानं बायांची तपासणी करावी. कोणती बाई गरवार आहे त्याचा रिपोट पेढीवर द्यावा. गरवार बाई कामावर ठेवू नये. रिपोट खोटा निघाला तं ठेका रद्द.

काऊन, तं बाळंतिणीले भत्ता द्यायचा कायदा नागपूरले होऊन राह्यला, अशी हवा होती. शेठ हुशार. कायदा यायच्या आधी पोटंच फाटकाबाहेर काढायची. अन् कराराखाली सही शेठची, अंगठा मुकादमाचा. पोट आमचं. आमाले कोणी विचारलं नाही.

रांगेत साऱ्या जातीच्या बाया. कुणबीण, महारीण, मोमीनाची. एरवी एकमेकीच्या घागरीले हात लावायच्या नाहीत. इथं सगळ्यांच्या पोटावर एकच हात, दोघींच्या मधात धुतलेलाही नाही. अन् सगळ्या माना खाली घालून उभ्या. तोंड दाबून बुक्क्याचा मार. मले माझीही किळस येई.

दाईले आम्ही खाला, म्हणजे मावशी, म्हणत होतो. आमच्या पुऱ्यातल्या अर्ध्या लेकरांची नाळ तिनं कापलेली. एकदा मी तिले विचारलं, "खाला, हे काऊन करतं?"

ती म्हणाली, "पेट मेरे को भी है, बेटी."

अन् तिनं पुढच्या बाईले हाक मारली.

माझी जाऊ सोना. लगन होऊन कितीक वर्षं झाली, कूस उजवली नव्हती. सासूनं नवस केले, दर्ग्यावर चादर घातली, अन् त्या हंगामात तिले दिवस गेले. आनंद करावा का रडावं, समजेना. घरी बसली तं खायचं काय? दिराच्या हमालीवर अन् माझ्या मजुरीवर सासूसकट चार तोंडं भागत नव्हती. सोनानं पोटाले फडकं गुंडाळलं. करकचून. वरून लुगडं. तपासणीच्या आधी सोडायचं, झाली की पुन्हा बांधायचं.

पडद्याआड खालाचा हात तिच्या पोटावर थांबला. सोनानं मले मागून सांगितलं. खालानं तिच्याकडे पाह्यलं अन् मोठ्यानं म्हणाली, "खाली." पुढच्या महिन्यातही तसंच.

मग एका दुपारी सोना रेच्यापाशीच कोसळली. मुकादम धावला. पाणी मारायच्या निमित्तानं त्यानं लुगडं ओढलं, तं आतलं फडकं दिसलं. सगळ्यांनी पाह्यलं. गड्यांनीही. शुद्धीवर यायच्या आधी तिले फाटकाबाहेर रस्त्यावर नेऊन टाकलं. मी काम सोडून गेली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. आतून मुकादमाचा आवाज येत होता, "नाटकं करते साली."

त्याच आठवड्यात तिचं पोट पडलं. खाला धावत आली. सोनानं तिले हात लावू दिला नाही. ज्या हातानं दोनदा वाचवलं, तोही हात तिले नको होता. खाला दारातच बसून राह्यली, मग उठून गेली.

इकडे शेठनं मुकादमाले करारावर बोट ठेवून झापलं. रिपोट खोटा आहे, ठेका दुसऱ्याले देतो. मुकादम घाबरला. घाबरलेला माणूस लय घाण असते. दुसऱ्या दिवशी त्यानं आमाले रांगेत उभं केलं.

"आता दाईच्या जिभेवर काम नाही चालणार. रिपोटाले पुरावा पाहिजे. जिची अडचण येईन तिनं फडकं आणून दाखवायचं. जिचं फडकं नाही, ती भरली."

एक म्हातारी बाई थुंकली.

मी विचारलं, "पाहणार कोण?"

"मुनीम पाहतीन. रिपोट त्यायलेच लिहायचा आहे."

मुनीम! ज्याच्या घरी बाहेरची झालेली बाई चार दिवस अंगणात बसते, तिचा वाराही घेत नाहीत, तो मुनीम. पेढीच्या पायरीवर बाई चढली तं आधी विचारे, 'अडचण नाही ना?' आत तिजोरीवर लक्ष्मीचा फोटो होता म्हणून. तो माणूस आता आमची फडकी उलटीपालटी करून पाहणार, अन् वर लिहिणार.

मले ओकारी आली. खरंच आली. सकाळची भाकर तिथंच पडली.

मुकादम हासला. "काऊन व रांडवे, ओकतं कायले? लिहा हो मुनीमजी, हिच्यावर नजर ठेवा."

आता माझं सगळंच पणाले लागलं. रांडव भरली, असं एकदा त्या कागदावर चढलं असतं तं दिराचं घर बंद, उंद्रीची वाट बंद. विहीर तेवढी उघडी. फडकं दाखवलं तं मी वाचत होती. न दाखवलं तं बदनाम. अशी ही दोन दारं, अन् दोन्ही त्यायनंच बांधलेली.

चार-सहा दिवसांनी मले पाळी आली. सोना अंथरुणातून म्हणाली, "नको जाऊ माय. घाण आहे ते."

"घाण आहे म्हणूनच नेतो," मी म्हणाली. "ज्याची आहे त्याले देतो."

मी पडद्याकडे गेलीच नाही. सरळ पेढीच्या पायऱ्या चढली. सकाळची पूजा नुकतीच झालेली. उदबत्तीचा धूर, पांढरी धुतलेली गादी, गादीवर शेठ. बाजूच्या बैठकीवर मुनीम, पुढं तपासणीचे कागद अन् तो करार.

"ए, तिथंच थांब," मुनीम म्हणाला. "अडचणीत असशीन तं पायरीले शिवू नको."

"हाव, अडचणीतच आहे. तुमीच बोलावलं."

मी कमरेचं फडकं काढलं अन् त्या करारावर ठेवलं. फेकलं नाही. नीट उलगडून ठेवलं.

"हा घ्या पुरावा. रिपोटाले जोडा."

मुनीम भिंतीले जाऊन चिकटला. शेठ धोतर सावरत उठला, हात पुसू लागला. त्यानं कायलेच हात लावला नव्हता, तरी पुसतच राह्यला.

"हे काय आहे? कोणी सांगितलं हिले? मले काही माहीत नाही."

"सही कोणाची आहे, शेठ?" मी म्हणाली. "तुमच्या घरच्या बाईचा तुमाले विटाळ. आमचं रक्त मात्र कागदाले चिकटवायले पाहिजे. पाहा ना आता. तोंड काऊन फिरवता?"

मुकादमानं माझे केस धरून मले पायऱ्यांवरून ओढलं. दोन पायऱ्यांवर डोकं आपटलं. खोटं कायले सांगू, कोणी धावून आलं नाही. रेचे चालूच होते. बाया पाहत होत्या. पण त्या दिवशी एकीनंही फडकं दाखवलं नाही, हेही मी पाह्यलं.

पेढी गोमूत्रानं धुतली. गादीची खोळ जाळली. करारही जाळला म्हणे, अन् नवा लिहिला. फडक्याचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही. पोट दाबायचं कलम तसंच ठेवलं. गोमूत्रानं ते कसं धुवून निघणार?

जिन सुटलं. मग मी खडी फोडली, जळणाच्या तुऱ्हाट्या वाहिल्या. सोनाही माझ्या संगं. यंदा बाया कमी पडल्या तसा मुकादम आमच्या दारात आला. बाजेवर बसू पाहत होता. मी बाज उभी केली.

"झालं गेलं विसर व," तो म्हणाला. "आता फडकं नाही लागत. फक्त हात लावतात. दोन मिनिटाचं काम."

फक्त हात!

मी त्याले म्हणाली, "माझ्या पोटात काय आहे हे विचारायचा हक मी शेठले दिला नाही, तुले नाही, सरकारले नाही. जिथं पोट दाबून काम देतात तिथं मी जाणार नाही. अन् दुसरीलेही जाऊ देणार नाही."

"तू कोण व अडवणारी?"

"ये फाटकापाशी. पाहशीन."

दिवाळीनंतर हंगाम लागते. मी अन् सोना पुऱ्यापुऱ्यात फिरून राह्यलो. मोमीनपुऱ्यात गेलो, महारवाड्यात गेलो, कुणब्यायच्या दारात उभ्या राह्यलो. काही बाया हाकलून देतात. काही ऐकतात. सगळ्यायले एकच सांगतो, लुगडं सोडू नको. बाया आत गेल्याच नाहीत तं रेच्यावर कोण बसन? मुनीम?

अन् समजा एकही बाई आली नाही. तरी पहिल्या तपासणीच्या दिवशी मी तिथं जाणार आहे, भर दिवसा, साऱ्या गड्यांसमोर. ती पोती खिळ्यावरून ओढून फाडणार आहे. मारतीन, मारू दे. माझ्या अंगावर आता फक्त माझाच हात राहीन.