पुस्तकातल्या पेन्सिलीच्या रेघा

मी मूळचाच संशयी. त्यात इथे मस्कतला, गाला नावाच्या भागात, गाड्यांच्या पार्ट्सच्या दुकानात इतकी वर्षं काढल्यावर खोकं फोडून आतला माल बघितल्याशिवाय माझा कशावरच विश्वास बसत नाही. त्यामुळे मी घरात शिरलो की सातवीतली माझी मुलगी हसता हसता पुस्तक मिटते, हे लगेच माझ्या नजरेत आलं.

शाळेने तिला एका इंग्रजी विनोदी लेखकावर प्रोजेक्ट दिलं होतं. त्याचं चरित्र, त्याच्या गोष्टी वगैरे. ती आईला उतारे वाचून दाखवायची आणि दोघी खिदळायच्या. मी विचारलं, की "काही नाही, बाबा." माझ्या इंग्रजीला हसत असणार, दुसरं काय! निझवा शहरातल्या गिऱ्हाइकाशी फोनवर इंग्रजीत बोलताना मी कसा अडखळतो, त्याची नक्कल दोघींना छान जमते. मला ते लागलं होतं.

शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, दोघी भाजीला गेल्या आणि मी तिचं दप्तर उघडलं. लाज वाटत होती, तरी उघडलं आणि ते पुस्तक बाहेर काढलं.

विनोदी गोष्टींखाली पेन्सिलीची एकही रेघ नव्हती. सगळ्या रेघा सुरुवातीच्या चरित्रात होत्या. मी बोट ठेवून वाचत गेलो. आईवडील नोकरीसाठी परदेशात, मुलगा नातेवाइकांकडे, वर्षानुवर्षं भेट नाही. शेजारी कोऱ्या जागेत वेड्यावाकड्या मराठी अक्षरांत एकच शब्द लिहिला होता: आत्या.

 आठवीपासून तिला कणकवलीला माझ्या बहिणीकडे ठेवायचं, हे आम्ही भावंडं फोनवर ठरवत होतो. तिच्या समोरच, पण मालवणीत. जिला साधं मराठी बोलताना शब्द सापडत नाहीत तिला मालवणी काय कळणार, असं मी धरून चाललो होतो.

"बाबा, तू माझी बॅग चेक करतोस?" ती दारात उभी होती.

"आणि तू माझे फोन ऐकतेस?"

"मी आले की तू मालवणी स्टार्ट करतोस. मग डाउट येणारच ना?" तिने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. "हा मोठा होऊन खूप फनी झाला. मी नाही होणार, बाबा. मी फक्त रडणार."

मला तिच्याकडे बघवेना. "नाही पाठवत," मी म्हटलं. "आत्ताच आत्याला सांगतो." फोन काढून नंबर लावला.

"स्पीकरवर टाक," ती म्हणाली. "आणि मराठीत बोल."