भूपाल अण्णाच्या नळ्यांतलं कीट

उचगावचा भूपाल मगदूम साखर कारखान्यांचे बॉयलर साफ करायचं कंत्राट घ्यायचा. गाळप संपलं की बॉयलर थंड करायचा, नळ्यांत आतून धरलेलं क्षाराचं कीट अ‍ॅसिडनं मऊ करायचं आणि मग ब्रश घालून खरवडायचं. जिल्ह्यातल्या निम्म्या बॉयलरांच्या पोटात हा जाऊन आला होता. स्वतःच्या आत काय चाललंय ते मात्र पंचावन्नी गाठली तरी कुणाला बघू दिलं नव्हतं. डॉक्टर म्हणजे लुटारू, हे त्याचं ठाम मत. मी त्याची शेजारीण, माझं अर्धं आयुष्य दवाखान्यांच्या बिलांवरून भांडण्यात गेलंय, त्यामुळं त्या मतावर आमचं कधी वाजलं नाही.

२००७च्या उन्हाळ्यात त्याचा भागीदार कृष्णात कारखान्याच्या कँटीनमध्ये चहाचा कप हातात धरून बसल्या जागी गेला. छातीत कळ नाही, दम नाही, काही नाही. अण्णापेक्षा लहान माणूस. अण्णाची बायको त्रिशलावहिनी म्हणाली, "हृदय तपासून या, तवर मी जेवत न्हाय." अण्णा हसला नाही. जैनाच्या बाईची ही धमकी पोकळ नसते, पर्युषणात सराव झालेला असतो. दुसऱ्या दिवशी दुपारीच गडी शहरात हजर.

शहरात तेव्हा हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला कॅल्शियम मोजणारं नवं मशीन आलं होतं. सुई नाही, भूल नाही, पाच मिनिटं उताणं पडायचं. बाहेर बोर्ड होता, 'आजच जाणा हृदयाचं भविष्य'. पूर्वी महाद्वार रोडला हे काम ज्योतिषाचा पोपट करायचा, तिथं निदान चिठ्ठी वाचून तरी दाखवायचे. इथं नुसता आकडा हातात दिला, चारशे साठ. एक पोरगी म्हणाली, "शंभराच्या वर गेलं की जपायचं असतं. हार्टच्या डॉक्टरांना दाखवा." पुढचा नंबर पुकारला, संपलं.

घाबरावं की नाही? अण्णा खूश होऊन घरी आला.

"आक्का," मला म्हणाला, "मला वाटलं, काय तरी भानगड असंल. नळ्यांत कीट धरलंय नुसतं! तीस वर्सं ह्येच काढतोय की मी."

"अण्णा, हृदय हाय ते."

"नळी ती नळीच. आन् क्षार तो क्षारच."

राजारामपुरीतल्या डॉक्टरकडं गेला, गोळ्या लिहून घेतल्या आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवून दिल्या. उपचार स्वतःचा सुरू केला. सकाळी उपाशीपोटी व्हिनेगर, दुपारी चार लिंबांचा रस, साखर नाही. कीट विरघळणार, महिन्यानं परत मशीनखाली पडायचं आणि आकडा उतरलेला बघायचा, असं कंत्राट त्यानं स्वतःचं स्वतःलाच दिलं. मशीनवाल्यांना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, या की, दुसऱ्या खेपेला सवलत आहे. महिन्यात पुन्हा कशाला, हा प्रश्न विचारायचं त्यांना काय कारण?

पंधरवड्यात कीट राहिलं बाजूला, पोटाची आग सुरू झाली. वहिनी माझ्याकडं आली. "आक्का, हे गोळीला हात लावीनात. कृष्णातभावजींसारखं झालं म्हंजे?" एवढंच बोलली आणि पदर तोंडाला लावला.

माझं डोकं फिरलेलंच होतं. दोघांना घेऊन त्याच डॉक्टरकडं गेले. शशिधर नावाचा तरुण डॉक्टर, गडहिंग्लजकडचा, लिंगायत. आत शिरताच मी त्याच्यावरच तोंड सोडलं, "गोळ्या लिहिता, समजावून कोण सांगणार? तुमचा बोर्ड?"

"बोर्ड माझा नाही, आक्का," तो म्हणाला, आणि अण्णाकडं वळला. "काय घेताय?"

"व्हिनेगर." अण्णा छाती काढून सांगत होता. "कीट विरघळाय."

"चालू बॉयलरमध्ये अ‍ॅसिड घालता काय तुम्ही?"

"खुळा हाय व्हय मी? बंद करायचा, गार करायचा, मग."

"मग हा बंद करू? परत पेटवायला कोण येणार?"

अण्णानं काढलेली छाती आत घेतली. बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"आणि व्हिनेगर तिथवर पोचतच नाही. पोट तेवढं जाळतंय," डॉक्टर म्हणाला. "गोळीनंही धरलेलं कीट निघणार नाही. पण नवीन धरायचं कमी होतं आणि जुनं फुटून नळी तुंबायची भीती कमी होते. रोज घ्यायची."

"म्हंजे कीट धरू नये म्हून बॉयलरच्या पाण्यात टाकायचं औषध!" अण्णा उसळला. "मग असं सांगायचं की पयल्या दिवशी! मी इनाकारण लिंबं पिळत बसलो." झालं, तिथंच पाणी मागून गोळी गिळली, वर डॉक्टरलाच सुनावलं, "आमच्याकडं पाणी बिघडलं तर कंत्राटदाराला धरत्यात, ध्यानात ठेवा."

"ठेवतो. आता बिडी."

"बिडीचं काय? धूर नळ्यांच्या भायेरनं जातोय, आन् चिमणीतनं वर. आत पाणी, भायेर जाळ. बिडीचा नळ्यांशी संबंध न्हाय."

"तुमचा धूर आत जातो, अण्णा. फुफ्फुसातनं रक्तात."

"नळीच्या आत?"

"आत."

अण्णाचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. चारशे साठला उतरला नव्हता, कृष्णातच्या मातीला उतरला नव्हता. नळीच्या आत धूर म्हणजे नळीला भोक, आणि त्या बॉयलरजवळ हा माणूस उभासुद्धा राहिला नसता. बिडीबंडल खिशातनं काढून त्यानं टेबलावर ठेवलं. वहिनीनं ते उचलून पिशवीत टाकलं आणि हात पुढंच ठेवला.

"आता काय?"

"काडेपेटी."

"ती ऱ्हाऊ दे की. देवाजवळ दिवा लावाय लागती."

"देवाची काडेपेटी देवाजवळ हाय. ही हिकडं आणा."

अण्णानं डॉक्टरकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी छताचा पंखा बघत होते. काडेपेटी दिली त्यानं.