डावीकडचे दोन सड

दरवर्षी फाल्गुनात मी ऑफिसातून आठ दिवसांची रजा घेते. पहिल्या वर्षी अर्जात कारण लिहिलं, 'घरी बाळंतपण.' दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी साहेबांनी बोलावून विचारलं, "अहो, तुमच्या घरात दरवर्षी बाळंत होतं तरी कोण?" मी म्हटलं, "म्हशी." पार्ल्याचं ते एसी ऑफिस पाच मिनिटं हसत होतं. मीही हसले. नंतर मात्र माझ्या शेजारी बसणारी हळूच वास हुंगते की काय, असं मला उगाच वाटायला लागलं.

आमचा तबेला कांदिवली पूर्वेला, नॅशनल पार्ककडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर. अकरा म्हशी. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी दोन म्हशी घेतल्या आणि त्या दोनांच्या अकरा केल्या. विकत आणायच्या आणि आटल्या की विकून टाकायच्या, हा धंदा त्यांनी कधी केला नाही. आमच्याकडच्या म्हशी घरच्या, इथेच जन्मलेल्या आणि इथेच व्यायच्या. आता तीन बाजूंनी टॉवर उभे राहिलेत. वासाची तक्रार तिथूनच येते आणि खरवसासाठी चिकाची मागणीही तिथूनच. कित्येकदा फोन नंबरसुद्धा एकच असतो.

म्हशींना पाणी-वैरण झाल्याशिवाय घरात कुणाच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. दहावीच्या पेपरला मी शेण काढून, आंघोळ करून गेले आहे. भावाच्या लग्नात मुहूर्त जवळ आला तरी बाबांचा पत्ता नव्हता, कारण एक म्हैस अडली होती. अक्षता पडताना पोचले ते कोपरापर्यंत हात घासून लाल करून. वहिनी अजून ती गोष्ट सांगते आणि दर वेळी तिला हसूच येतं असं नाही.

पण सगळ्यात कडक नेम चिकाचा. म्हैस व्याली की पहिलं तोंड रेडकाचं. त्यानं उभं राहून प्यायल्याशिवाय माणसानं सडाला हात लावायचा नाही, कारण पहिल्या काही तासांतला चीकच त्याला जगवतो. आणि पुढचे पाच दिवस डावीकडचे दोन सड त्याचेच, आमचे फक्त उजवीकडचे दोन. बाकीचे तबेलेवाले हसायचे. बाबांचं उत्तर ठरलेलं. "आधी रेडकाक, मगे माणसांक."

चार वर्षांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. बोरीवलीहून भाऊ आला आणि म्हणाला, आता पुरे झालं, म्हशी गावी पाठवा.  बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्यो हंगाम हिच्यावर. नीट पार पडलो तर म्हशी हिच्या. नायतर तू म्हणतस तसा."

मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. नवऱ्याचं घर सोडून येऊन सहा वर्षं झाली होती. हे घर भावाचं होणार हे ठरलेलंच होतं. माझ्या हक्काचं म्हणावं असं काही मिळणार असेल तर ते हे होतं, आणि मला ते हवं होतं. खोटं कशाला सांगू, फार हवं होतं.

तिघी व्यायच्या होत्या. पहिली होळीआधी व्याली, सुखरूप. दुसरी, थोरली व्यायच्या आदल्या संध्याकाळी. तिसरी ही थोरली, म्हणजे बाबांची सगळ्यात जुनी म्हैस. तिला सात रेडे झाले होते, रेडी एकही नाही. वय झालं होतं, तरी तिची एक रेडी मागे राहावी म्हणून बाबांनी तिला पुन्हा एकदा फळवली होती. दुसरी व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी थोरली व्याली आणि रेडी झाली. मी ओरडतच घरी सांगायला गेले. बाबा डोळ्यांवर काळा गॉगल लावून खाटेवर बसले होते. त्यांनी आभाळाकडे हात जोडले.

मी परत आले तर तबेल्यात समोरच्या टॉवरमधल्या एक बाई उभ्या होत्या. थोरली व्याली की कळवते, असं मीच कबूल केलं होतं, आणि आनंदाच्या भरात जाता जाता मेसेजही टाकला होता. त्यांच्या सासऱ्यांनी अन्न सोडलं होतं, फक्त खरवस मागत होते. एका हातात स्टीलची किटली, दुसऱ्या हातानं साडी वर धरलेली, पाय शेणात. "ताई, आत्ताच द्या ना. उद्याचं काही खरं नाही हो." रेडी अजून उभी राहत नव्हती. आदल्या संध्याकाळी व्यायलेलीचा सकाळचा चीक कधीच वाटून झाला होता. मी विचार केला, उजवीकडचे दोन काढू, डावीकडचे रेडीला आहेतच.

उजवीकडचे दोन्ही मिळून जेमतेम वाटीभर निघालं. म्हातारी म्हैस, असणार तरी किती? बाई किटलीत वाकून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर कदाचित मला राग आला असता आणि मी थांबले असते. मी डावीकडचे दोन धरले. रेडी उभी राहीपर्यंत पुन्हा उतरेल, असं स्वतःलाच सांगत शेवटपर्यंत पिळले.

रेडी तासाभरानं उभी राहिली. कासेला ढुशा मारत राहिली, एक सड सोडून दुसरा धरत राहिली. थोडी लाळ आली, बाकी काही नाही.

संध्याकाळी बाबांनी खाटेवरूनच विचारलं, "पियाली मां?"

मी म्हटलं, "हो. पोट भरून."

सासऱ्यांसाठी चीक दिला याचं मला आजही वाईट वाटत नाही. त्यांनी दोन चमचे खाल्ले, बाईंनी हात जोडल्याचा मेसेज पाठवला. वाईट वाटतं ते या 'हो'चं. कारण त्याच वेळी आई दुसरीला पिळायला बसली होती. तिच्या कासेत चीक होता. एक तांब्या रेडीला पाजला असता तर निभावलं असतं, बाबांनी पूर्वी तसं केलेलंही मी पाहिलं होतं. फक्त मागावा लागला असता. आईनं विचारलं असतं, का गं? आणि मला नेम मोडल्याचं सांगावं लागलं असतं. मी वैरण टाकत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिला हगवण लागली. जनावरांचे डॉक्टर आले. सलाईन लावता लावता म्हणाले, "अंगात ताकदच नाही हिच्या. चीक पाजला होता ना?" मी तोंड उघडायच्या आत दारातून बाबाच लेकीच्या वतीनं बोलले, सगळ्यांचं सांगणं मोडून तिथवर आले होते. "पाजल्यान तर! माझ्या चेडवान पाजल्यान."

तिसऱ्या दिवशी सकाळी रेडी गेली.

थोरलीनं पान्हा चोरला. दारातून काहीही आत आलं की मान वळवून बघायची. बाजूचे तबेलेवाले पान्हा सोडवायचं इंजेक्शन द्या म्हणाले, बाबांनी त्यांना हाकललं. पंधरा दिवसांत ती आटली. तोवर भाऊ येऊन गेला होता. मी मनात म्हटलं, संपलं. पण बाबा त्याला म्हणाले, "हिना नेम मोडूक नाय. बाकी आपल्या हातात नाय. म्हशी हिच्या." भाऊही माझ्या पाठीवर हात ठेवून गेला. त्या हातानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोरलीला गावी चुलत्यांकडे न्यायला टेम्पो आला, त्या सकाळी बाबा काठी टेकत तबेल्यात आले. मी तिच्यासाठी भिजवलेल्या पेंडीचं घमेलं घेऊन त्यांच्या मागेच होते. त्यांनी तिच्या कपाळावर दोन्ही हात ठेवले. म्हणाले, "माफ कर गो बाय. ह्या वयात तुका फळवूक नको होता. माझी हाव नडली. माझ्यामुळे तुझा पोर गेला."

"बाबा," मी म्हटलं.

ते वळले. "काय गो?"

गॉगलखालून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्या डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नव्हतं.

"काही नाही. गॉगल सरकलाय," मी म्हटलं, आणि घमेलं खाली ठेवून तो नीट बसवला.