पाळकसाहेबांची वाचा

विश्रांतवाडीतल्या आमच्या चर्चचे पाळकसाहेब बोलण्यात वस्ताद. प्रवचन लांबलं आणि मागच्या बाकावर कुणी घड्याळ पाहिलं, की ते शांतपणे विचारत, "चालू आहे ना? मग ठीक." चर्चच्या वर्षाची गोडी मला त्यांच्यामुळेच लागली. नाताळाआधीच्या आगमनकाळातलं वाट पाहणं, ईस्टरआधीच्या उपवासकाळातलं आवरून राहणं, हे ते आमच्याच घरातल्या गोष्टींसारखं उलगडून सांगत.

मागच्या वर्षी आगमनकाळाच्या तोंडावर त्यांना पक्षाघात झाला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, पण वाचा गेली. समजायचं सगळं, शब्द मात्र सापडायचे नाहीत. पाणी हवं असताना 'दार' म्हणायचे आणि चुकलं हे कळून डोळे मिटून घ्यायचे. मी भेटायला गेले की माझीच जीभ जड व्हायची.

नाताळच्या आठवड्यात आमचं गायनमंडळ घरोघर जातं. त्यांच्याकडे जाऊ नये, त्यांना वाईट वाटेल, असं माझं मत होतं. पण त्यांच्या पत्नीनंच निरोप पाठवला, या म्हणून. त्या प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. आम्ही त्यांना बाई म्हणतो. त्यांच्या छोट्या खोलीत दाटीवाटीनं उभं राहून आम्ही गायला लागलो, आणि दुसऱ्या कडव्याला एक घोगरा आवाज आमच्यात मिसळला. पाळकसाहेब गात होते. शब्द न् शब्द स्पष्ट. आमच्यातल्या निम्म्यांचं गाणं तिथंच थांबलं. ते शेवटपर्यंत गायले. मग काही बोलायला गेले, तर पुन्हा एक अक्षर उमटेना.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी शिकवणी सुरू केली, वाचेचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून. 'चहा द्या', 'पंखा लावा', सगळं चालीवर. एवढा विद्वान माणूस पहिलीतल्या मुलासारखा रोज सकाळी म्हणायला बसे आणि कंटाळत नसे. उपवासकाळ संपत आला तेव्हा चाल गळून पडू लागली होती, शब्द उरत होते.

ईस्टरला, पुनरुत्थानाच्या रविवारी, पहाटेच्या उपासनेला बदली पाळकांनी त्यांना पुढे बोलावलं. काठी टेकत ते व्यासपीठावर चढले. "प्रभू..." म्हणाले आणि अडले. पुढचे शब्द साऱ्या मंडळीला पाठ. मायेपोटी दोघंतिघं ते पुरवायला लागले. तशा बाई पहिल्या बाकावरून उठल्या आणि मागे वळल्या.

"थांबा. त्यांना म्हणू द्या."

आम्ही थांबलो. बाहेरून आळंदी रस्त्यावरची एक बस गेली.

"प्रभू उठला आहे," पाळकसाहेब म्हणाले.

"खरोखर उठला आहे," असं उत्तर द्यायचं असतं. साऱ्या मंडळीनं ते दिलं.

मग त्यांनी प्रवचन केलं. "मला शब्द सापडत नव्हते. तुम्ही गायलात. मी मागून आलो." एवढंच बोलून ते खाली उतरले. त्याहून मोठं प्रवचन मी ऐकलेलं नाही.

आता ते दर आठवड्याला रुग्णालयात जातात, वाचा गेलेल्या माणसांपाशी बसायला. एकदा मीही सोबत गेले. एक आजी नातीचं नाव आठवायला धडपडत होत्या. त्यांचा हात हातात घेऊन पाळकसाहेब नुसते बसून राहिले. बऱ्याच वेळानं आजींनी अर्धं नाव उच्चारलं, तर त्यांनी ते एखादं वचन ऐकावं तसं मान झुकवून ऐकलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आपण काहीच बोलला नाहीत."

"बोलायची पाळी त्यांची होती," ते म्हणाले.