कपातीचा दवाखाना

दवाखान्यात नोकरी करणाऱ्याला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. ते आपल्या पायांनी येतात, बाकावर बसतात आणि जीभ काढून दाखवतात. औषधाची बाटली पेशंट घरून आणतो आणि घरी घेऊन जातो, बोललेलं मात्र इथेच टाकून जातो. माझ्याकडे ते इतकं साचलंय की घरात ठेवायला जागा नाही!

मी रेबेका साळवे. नगरला नर्सिंग शिकले आणि प्रवरेकाठच्या एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात लागले. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण त्यातले निम्मे लोक अजून रस्त्यात मला रामराम करतात. बाहत्तरचा दुष्काळ पडायला तेव्हा थोडा अवकाश होता.

आमच्या दवाखान्याची रीत अशी, की सभासदाच्या उसाच्या बिलातून टनामागे थोडे पैसे कापायचे आणि त्यावर त्याच्या घरच्यांना औषधपाणी करायचं. आजच्या भाषेत आरोग्य विमाच तो. पण विमा म्हटलं की लोकांना मरण आठवायचं, म्हणून सगळे नुसतं ‘कपात’ म्हणायचे.

औषधं महागत चालली होती. चेअरमननी ठराव आणला की कपात वाढवायची, ऑपरेशनची खोली बांधायची, खाटा टाकायच्या आणि हंगामात येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांनाही दवाखाना उघडा करायचा. निकाल वार्षिक सभेत लागणार होता. तोवर ऑपरेशन म्हटलं की पेशंटला नगरलाच पळवायचं. आमचे डॉक्टर लेले पुण्याचे, तरुण आणि तापट. त्यांनी सांगून टाकलं होतं, “ठराव पडला तर मी बॅग भरतो. नगरच्या वाटेवर माणसं मरताना बघायला मी शिकलो नाही.” मला कुठली बॅग भरता येत होती? माझी झोप मात्र उडाली होती.

* * *

बेलापूरकडचे एक सभासद रिकामी बाटली घेऊन आले. साठी उलटलेली, पण अंगानं काटक.

“काय होतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“काय न्हाई.”

“मग?”

“वरीसभर कपात दिली, एकदाबी आजारी पडलो न्हाई. माझ्या वाटचं औषद द्या.”

डॉक्टर म्हणाले, “आधी आजारी तर पडा.”

“पडलो आसतो वो. ऊस तोडीला आलाय, सवड न्हाई.”

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना नीट समजावलं. धडधाकट माणसानं द्यायचं, म्हणजे आजारी माणसाचं भागतं. उद्या तुमची पाळी आली की दुसरे देतील. म्हातारबांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी माझं औषद दुसरंच कोन तरी पितंय.”

“हो, तसंच.”

“आन त्याला ठावं तरी हाय का?”



* * *

देवळालीचा एक गडी थेट बैलच घेऊन आला. जोखडानं बैलाचा खांदा सोलला होता. मी म्हटलं, “हा माणसांचा दवाखाना आहे.”

“शिस्टर, कपात कशावर हाय?”

“उसावर.”

“ऊस फॅक्टरीवर कुनी आनला? म्या का ह्यानं?”

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी बैलाकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, “सिस्टर, पेशंटला आत घेऊ नका, इथेच बघतो.” आम्ही दोघांनी जखम धुऊन मलम लावलं. बैल शहाणा, हूं की चूं केलं नाही. त्याच आठवड्यात त्याच्या मालकानं इंजेक्शन घेतलं तेव्हा अर्ध्या गावाला ऐकू गेलं.

पण बैलाची गोष्ट दुसऱ्याच दिवशी तात्यांच्या कानावर गेली होती. तात्या म्हणजे ठरावाच्या विरोधातले पुढारी, चाळीस एकर बागाईत आणि पहाडी आवाज. हॉटेलात बसून त्यांनी जाहीर केलं, “कपात वाढवा म्हनत्यात. कशापायी? बैलाच्या मलमापायी!” लोक पोट धरून हसले. आम्ही दोघं मात्र हसलो नाही, कारण हसणाऱ्या प्रत्येकाचं सभेत एक मत होतं.

* * *

त्या हंगामात हुकूम होता की टोळीवाल्यांना फक्त मलमपट्टी करायची. बाकी उपचार सभासदाचं कार्ड असलेल्यांना.

माघातली दुपार होती. पाथर्डीकडच्या टोळीतला भिवा नावाचा माणूस बायकोला बैलगाडीत घालून घेऊन आला. खाली उसाच्या हिरव्या शेंड्यांचं वाढं, वर गोधडी आणि गोधडीवर ती. कालपासून अडलेली होती. गेटवरच्या वॉचमननं गाडी अडवून कार्ड विचारलं. मी धावत गेले आणि म्हणाले, “पोटातल्या पोराचं कार्ड काढायचंय. बाजूला हो.”

तपासलं तर मूल आडवं. ते सुईणीच्या हातचं नव्हतं, माझ्या हातचं नव्हतं आणि आमच्याकडे ऑपरेशनची खोली नसल्यामुळे डॉक्टरांच्याही हातचं नव्हतं. कारखान्याची जीप काढली आणि नगरची वाट धरली. वाटभर मी तिचा हात धरून बसले होते. ती ओरडत नव्हती, याचीच मला भीती वाटत होती.

बाई वाचली. मूल गेलं. मला त्या दिवशी सगळ्यांचा राग आला होता. कारखान्याचा, तात्यांचा, चेअरमनचा आणि थोडा देवाचाही.

परत येताना जीपमध्ये भिवानं विचारलं, “शिस्टर, कार्ड आसतं तर हितंच झालं आसतं का?”

“नाही रे. कार्ड असतं तरी नगरलाच न्यावं लागलं असतं.”

“म्हंजी बागाईतदाराच्या बायकूलाबी?”

“तिलाही.”

तो म्हणाला, “मग त्येंनी आजून दवाखाना कसा न्हाई बांधला?”

* * *

सभा जवळ आली तसे गावागावात दोन तट पडले. भाऊ भावाशी बोलेना. दवाखान्याच्या बाकावरही ठरावाचे एका टोकाला आणि विरोधाचे दुसऱ्या टोकाला, मधे रिकामी जागा. ताप मात्र दोन्हीकडे सारखाच.

त्या गरमागरमीत एक विमा एजंट हॉटेलात आला. त्याला वाटलं, ठराव पडला तर आपला धंदा चढेल. तो म्हणाला, “कपात कशाला भरता मंडळी? त्यापेक्षा विमा उतरवा.”

“आजारी पडल्यावर पैशे मिळत्यात?” एकानं विचारलं.

“तसं नाही. माणूस गेल्यावर घरच्यांना मिळतात.”

डॉक्टर शेजारच्या टेबलावर चहा पीत होते. ते म्हणाले, “आमच्याकडे जायच्या आधी मिळतं. नुसतं आजारी पडलं तरी चालतं.”

विचारणाऱ्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “तुमच्याकडं मरावं लागतंय, त्येंच्याकडं आजारी पडावं लागतंय. धडधाकट मानसाला काय हाय का न्हाई?”

एजंट आला त्याच एसटीनं परत गेला. डॉक्टरांना मात्र जायला जागा नव्हती.

* * *

तात्यांबद्दल एक सांगते. आता ते नाहीत, आणि असते तरी स्वतःच हसले असते.

सभेच्या आदल्या आठवड्यात देवळालीला त्यांची जाहीर सभा होती. त्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या मागच्या दारावर थाप पडली. दारात तात्या. एरवी दार दणाणून सोडणारा माणूस तोंडातल्या तोंडात बोलत होता, “शिस्टर, डॉक्टर एकलेच हायती का?”

गळू झालं होतं. कुठे, ते विचारू नका. एवढंच सांगते की ते टांग्यात आडवे पडून आले होते. डॉक्टरांनी चिरा दिला, मी पट्टी केली. तात्यांनी दात आवळले, पण आवाज काढला नाही. जाताना डॉक्टरांना म्हणाले, “ह्ये मधी आलं म्हनून मी माझं म्हननं सोडनार न्हाई.”

डॉक्टर म्हणाले, “सोडू नका. फक्त दोन दिवस बसू नका.”

संध्याकाळच्या भाषणात तात्या दवाखान्यावर अक्षरशः तुटून पडले. इतरांची भाषणं चालू असतानासुद्धा ते व्यासपीठावर उभेच. लोक म्हणाले, “काय तळमळ हाय मानसाला! बूड टेकलं न्हाई!”

मी गर्दीत होते. माझ्या जिभेच्या टोकावर एकच वाक्य होतं, आणि ते बोलले असते तर ठराव तिथेच पास झाला असता. डॉक्टर माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, “सिस्टर, पेशंट आहे तो आपला.”

मी जीभ चावली. अजून दुखते.

* * *

वार्षिक सभेला मंडपाच्या कडेला आमचं मलमपट्टीचं टेबल लावायची प्रथा होती. सहकारात मतं मोजायच्या आधी डोकी फुटतात. त्या वर्षी मी टिंक्चर जास्तच घेतलं होतं.

तात्यांचं भाषण खोटं नव्हतं, हे आज मला मान्य करावंसं वाटतं. “हिरीचं पानी खाली चाललंय, उसाचा उतारा खाली चाललाय. वर काय चाललंय? कपात! आज वाढली, उद्या पुन्ना वाढंल. डायरेक्टरचे पावनं नोकरीला लागतील, आन आपल्याला ऊनऊन पानी प्या म्हनतील. ज्याचं दुखंल त्यानं द्यावं. मी दुसऱ्याच्या पोटदुखीचं बिल का भरू?” टाळ्या थांबेनात. चेअरमनचा चेहरा उतरला. कोणीतरी खुर्ची फेकली, कोणाचं तरी कपाळ फुटलं. त्याला मी पट्टी बांधली. डॉक्टर खांबाला टेकून उभे होते आणि त्यांची बॅग खरोखरच खोलीवर भरून ठेवलेली होती. ऑपरेशनची खोली झाली नाही तर पुढच्या माघात पुन्हा मीच जीपमध्ये कोणाचा तरी हात धरून बसणार, एवढंच मला दिसत होतं.

मंडपाच्या डाव्या अंगाला बायका बसल्या होत्या. चेअरमनच्या माणसांनी त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून आणलं होतं. पोरंबाळं काखेत घेऊन बसलेल्या बायका समोर दिसल्या तर पुरुषांना जरा विचार पडेल, असा त्यांचा हिशेब. तात्यांच्या तो बरोबर ध्यानात आला.

मत घ्यायची वेळ झाली तसा त्यांनी माईक घेतला. “चेअरमन, ही सभा हाय का हळदीकुंकू? मत सभासदाचं. जे सभासद न्हाईत त्येंनी मंडपातनं भाईर जावं.”

नियम तोच होता. चेअरमनना मान हलवावीच लागली. जमीन पुरुषाच्या नावावर, शेअरही त्याच्याच नावावर. बाईनं उठून जायचं यात कोणालाच काही वेगळं वाटलं नाही, बायकांनाही नाही. बांगड्या वाजल्या, पोरं रडली, पदर सावरत सगळ्या उठल्या आणि मंडपाबाहेर जाऊन उन्हात उभ्या राहिल्या. एवढी मोठी सतरंजी, बघता बघता रिकामी झाली.

मागे दहा-बारा जणी तशाच बसून होत्या.

तात्यांचा एक कार्यकर्ता त्यांना उठवायला गेला. हेड क्लार्कनं यादी पाहिली आणि त्याला हातानंच थांबवलं. “बसू द्या. त्या सभासद आहेत.”

तेव्हा माझं लक्ष गेलं. त्यांच्यात एकीच्याही कपाळाला कुंकू नव्हतं.

तात्या माईक हातात घेऊनच व्यासपीठावरून खाली उतरले, पुढे बसलेल्या एका म्हातारीजवळ गेले आणि वाकून विचारू लागले. आवाज बारीक केला होता, पण माईक चालू होता, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं.

“मावशे, तुमी कवापासनं सभासद?”

“मालकाला घिऊन नगरच्या दवाखान्यात निघालो हुतो. विळद घाटापतूर पोचलो,” म्हातारी म्हणाली. “तवापासनं.”