शिक्षण किती झालंय?

सिटी सेंटर भागातल्या दवाखान्यात आमचे डॉक्टर म्हाताऱ्या माणसांची स्मृती तपासतात. तपासणीचे प्रश्न मी विचारते. पेशंट विसरत जातात आणि त्यांचे किस्से माझ्या डोक्यात साचत जातात. घरी सांगायला लागले की नवरा म्हणतो, "जेवताना दवाखाना बंद ठेव." म्हणून तुम्हाला सांगते.

*

माधवगंजचे एक रिटायर्ड प्रोफेसर. "शिक्षण किती?" विचारलं, तर डिग्र्या ऐकता ऐकता माझा चहा गार झाला. मग विचारलं, "सर, आज वार कोणता?"

"वार ही मुळात एक सामाजिक सोय आहे," असं म्हणून त्यांनी छान लेक्चर दिलं. मीही मान डोलवत होते.

शेजारून बायको म्हणाली, "घरी पण हेच. भाजी कुठली आणली विचारलं, की शेतीचा इतिहास सांगतात."

वार काही शेवटपर्यंत आला नाही. ते गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "शिकलेला माणूस रिकामी जागासुद्धा सुंदर भरतो."

*

बिर्लानगरच्या गंगाबाईंना सुनेनं आणलं होतं. काही सांगितलं तर लक्षात ठेवत नाहीत, अशी तिची तक्रार. शंभरातून सात वजा करणं गंगाबाईंना जमलं नाही, घड्याळाचं चित्रही जमलं नाही. मार्क बघून सून रडवेली झाली.

गंगाबाई मात्र शांत. "मला शाळेत घातलंच नाही, तर नापास कशी करता?"

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि त्यांच्याशी नुसत्या गप्पा मारल्या. जरा मोठ्यानं. डोकं ठणठणीत निघालं. कानाचं मशीन लागलं.

*

जाधवकाका मिलमध्ये होते. मिल बंद होऊन जमाना झाला, तरी एक दिवस ड्यूटीला निघाले आणि हरवले. सापडल्यावर मुलगा त्यांना आमच्याकडे घेऊन आला. आजार फार पुढे गेला होता.

"सर, आम्हाला वाटलं, उमर झाली," तो म्हणाला.

डॉक्टर जरा चिडलेच. "काही घरांत वडील एक श्लोक चुकले तरी घेऊन येतात. तुम्ही हरवल्यावर आणलंत."

मुलगा म्हणाला, "आमच्याकडे श्लोक नव्हता ना सर. चुकणार काय?"



*

आणि त्या दोघी बहिणी. धाकटी रिटायर्ड हेडमिस्ट्रेस, अजून खणखणीत. पेशंट थोरली. ती आता धाकटीला ओळखत नव्हती.

"यांचं शिक्षण किती?" मी विचारलं.

"दुसरी," धाकटी म्हणाली. "माझा जन्म झाला आणि मला सांभाळायला हिला शाळेतून काढलं."

मी थोरलीपुढे कागद ठेवला. "आजी, काहीही एक वाक्य लिहा."

थोरली घाईघाईनं उठली, पदर सावरला आणि धाकटीला म्हणाली, "बाई, मी जाते. माझी बहीण लहान आहे, घरी एकटी असेल."

धाकटीनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "ती शाळेत गेलीय. तू लिही."

थोरलीला ते पटलं असावं. तिनं पेन हातात घेतलं. मग थांबून विचारलं, "डबा नेलाय ना तिनं?"

"नेलाय," धाकटी म्हणाली. "तूच दिलास."